पॅरिसच्या मैदानावरून मुखेडची बातमी
(लातूर येथे विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून आयोजकांनी मला परदेशी शिक्षणावर बोलायला बोलावलं. पण परदेशात शिकून आले ते मी नाही, माझी धाकटी बहीण. ती शिकली पत्रकारिता, तीही खेळांची. आणि तिने जाऊ नये म्हणून घरात सगळ्यात जास्त जोर मीच लावला होता. आज तिला विचारूनच हे सांगतोय.

आमचं घर इथलंच, लातूरचं. लातूर पॅटर्नच्या गावात दहावी झाली की दोनच रस्ते असतात, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. मी नांदेडला इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला लागलो. बहीणही नांदेडला गेली, पण स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, माध्यमांचा अभ्यास करायला. नांदेडला गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाने अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते, हे तुम्हाला माहीत असेल. खालसा हायस्कूलच्या मैदानावर देशभरातून संघ येतात. ती वही घेऊन तिथं बसायची आणि सामन्यांच्या बातम्या लिहायची. स्थानिक पेपरात चार-पाच छापून आल्या. पुढे परदेशी प्रवेशाच्या अर्जाला तिने हीच कात्रणं जोडली.

2023 मध्ये इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात तिला एक वर्षाच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला. फी, राहणं, व्हिसा, सगळं धरून 27 लाखांचा हिशेब. मी म्हणालो, "एवढ्या पैशात एमबीए कर. खेळाच्या बातम्या लिहायला इंग्लंडला कोण जातं?" खालांनी लग्नाचा विषय काढला. अब्बांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणाले, "शिकू दे, पण व्याजाचं कर्ज घरात नको." अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी केंद्राची 'पढो परदेस' योजना होती, तीही 2022-23 पासून बंद झाली होती. त्या योजनेत कर्जाच्या व्याजाचा भार सरकार उचलायचं.

शेवटी अब्बांनी प्लॉट विकला. दोन मामूंनी कर्जे हसना दिलं. तरी कमी पडत होतं. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाचा नियम असा, की उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग 28 दिवस खात्यात दिसला पाहिजे. तेव्हा लंडनबाहेरच्यांसाठी तो महिन्याला 1,023 पौंड होता. माझ्या खात्यात पैसे होते, पण मी गप्प राहिलो. एके दिवशी अम्मीने सराफाकडे जाऊन बांगड्या मोडल्या आणि घरी येऊन काहीच बोलली नाही. त्या रात्री उरलेली रक्कम मी भरली. हे सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

आता पॅरिसचं सांगतो. 28 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर 2024 तिथं पॅरालिम्पिक झालं. बहिणीने शेवटच्या प्रकल्पासाठी तोच विषय घेतला. अशा स्पर्धेत पत्रकार म्हणून आत जायला अधिस्वीकृती लागते आणि तिचे अर्ज खूप आधी संपतात. हे तिला उशिरा कळलं. अमेरिकेच्या जॉर्जिया विद्यापीठाचे विद्यार्थी तिथं असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी काम करत होते. ते आत जाऊन खेळाडूंशी बोलत होते. माझ्या बहिणीने फ्रान्सचा वेगळा व्हिसा काढला, 15 युरोंपासून सुरू होणारी तिकिटं घेतली आणि ती प्रेक्षकांत बसली.

पण एक गोष्ट तिच्याकडे होती. उद्घाटनाला भारताचा तिरंगा भालाफेकपटू सुमित अंतिल यांच्यासोबत भाग्यश्री जाधव यांच्या हाती होता. भाग्यश्री आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या, मुखेड तालुक्यातल्या होनवडजच्या. टोकियोत त्या गोळाफेकीत सातव्या आल्या होत्या, हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं होतं. पॅरिसला त्या पाचव्या आल्या. भारताचे 84 खेळाडू गेले होते आणि 29 पदकं आली. पदकांच्या त्या गर्दीत पाचव्या नंबरची बातमी दोन ओळींची होते. बहिणीने त्याच पाचव्या नंबरवर लिहायचं ठरवलं. मुखेड कुठं आहे, तिथून नांदेडला यायला एसटीत किती वेळ जातो, हे त्या स्टेडियमवर तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

तिने पहिला मसुदा लिहिला आणि मला पाठवला. मला फार आवडला. जिद्द, संघर्ष, नियतीवर मात, सगळं होतं त्यात. तिच्या शिक्षिकेने तो जवळजवळ सगळा खोडला. त्यांनी विचारलं, "खेळ कुठं आहे यात?" मग तिने पुन्हा लिहिलं. एफ-34 गटातल्या खेळाडू बसून गोळा फेकतात. बसण्याची चौकट जमिनीला पक्की बांधतात, खेळाडूला पट्ट्यांनी चौकटीला बांधतात, आणि प्रत्येकीने आपल्या फेकी ओळीने करायच्या असतात. पाय वापरता येत नाहीत, म्हणून सगळा जोर कमरेच्या वरून आणायचा. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की पाचवा नंबर म्हणजे काय. दया वाटावी असं त्यात एकही वाक्य नव्हतं. त्या खेळाडू होत्या आणि बातमी खेळाची होती.

मित्रांनो, मला यातून एवढंच कळलं. आपली तक्रार असते की आपल्या भागाबद्दल, आपल्या समाजाबद्दल लोक भलतंच लिहितात. लिहितात, कारण लिहायला आपलं कुणी तिथं नसतं. आपण मुलांना पुलाचं गणित शिकवतो, हृदयाची शस्त्रक्रिया शिकवतो, पण बातमी लिहायला पाठवत नाही. आणि हे दोन्ही एकत्रही होतं. द्वारकानाथ संझगिरी पेशाने सिव्हिल इंजिनिअर होते, मुंबई महापालिकेत नोकरी करत त्यांनी आयुष्यभर क्रिकेटवर लिहिलं.

आता कामाचं. ज्यांना जायचंय त्यांनी घरचा प्लॉट विकण्याआधी हे बघा. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत एक वर्षाचं एम.ए. पूर्ण खर्चासकट होतं. त्यासाठी पदवीनंतर दोन वर्षांचा म्हणजे 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. इरास्मस मुंडुसचा पत्रकारितेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला सुरू होतो, त्यातही शिष्यवृत्त्या आहेत. जागतिक विद्यापीठ स्पर्धांत 2011 पासून तरुण वार्ताहरांसाठी वेगळा कार्यक्रम चालतो. छापून आलेलं तुमचं काम अर्जात दाखवता आलं तर उपयोगी पडतं. आणि अधिस्वीकृतीची तारीख सगळ्यात आधी बघा. माझ्या बहिणीची ती चूक तुम्ही करू नका.

पालकांना खरं सांगतो. बहीण परत आली, एका क्रीडा संकेतस्थळावर काम करते. तिच्या वयात मला जेवढा पगार होता, त्याच्या निम्माही तिला नाही. मामूंचे पैसे अजून फेडतोय. प्लॉट गेला तो गेलाच. मात्र तिचा तो लेख अब्बांनी घरी मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा अम्मीने एकच विचारलं, "आता पुढची स्पर्धा कधी आहे?"

या हिवाळ्यात तुमच्या गावात कबड्डी, खो-खो, कुस्ती काही ना काही होईल. आपल्या घरातली एक मुलगी, एक मुलगा वही घेऊन तिथं पाठवा. लिहिलेलं पेपरात द्या. कात्रण जपून ठेवा. पुढच्या अर्जाला ते लागणार आहे.