स्थैर्य कुणाचं, कुणाच्या जिवावर?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'आंतरराष्ट्रीय नाणेनिधी' म्हटलं की आपल्याला वाटतं, हा विषय आपला नव्हे. पण घर अडचणीत आलं की आधी काय गहाण पडतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. १९९१ साली देशानंही तेच केलं. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण टाकलं. पाठोपाठ नाणेनिधी आणि जागतिक बँकेचं कर्ज आलं.

कर्ज नकोच होतं, असं मी म्हणत नाही. तेल, खत, औषधं थांबली असती तर आधी आपलीच चूल विझली असती. एका देशाची पडझड दुसऱ्यापर्यंत जाऊ नये, म्हणूनच १९४४ मध्ये ब्रेटन वूड्सला ४४ देशांनी या संस्थांचा पाया घातला. आपलं भांडण अटींशी आहे. खर्च कमी करा, अनुदानं कापा, बाजार खुला करा. आपल्या सरकारनंही हे धोरण आपलं मानलं. रुपयाचं अवमूल्यन झालं. २४ जुलैच्या अर्थसंकल्पात खत, रेशनची साखर, गॅस महागले.

कागदावर खर्च कमी होतो, म्हणजे तो नाहीसा होतो का? नाही. तो घरात येतो. गॅस परवडत नाही, तेव्हा सरपण कोण आणतं? दवाखाना परवडत नाही, तेव्हा आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतं? ताटातलं आधी कुणाचं कमी होतं? हे श्रम कुठल्याच हिशेबात धरले जात नाहीत. अशा धोरणांची झळ मुलांना आणि गरिबांना बसते, हे युनिसेफनं १९८७ मध्येच अभ्यास करून सांगितलं होतं.

अनुदान 'नेमक्या' गरिबांपुरतं ठेवण्याच्या त्याच विचारातून जून १९९७ मध्ये रेशन दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे असं विभागलं गेलं. मी काम करते त्या वस्तीतल्या एक ताई धुणीभांडी करतात. विधवा, भाड्याची खोली. कार्ड केशरी, पण धान्याच्या यादीत नाव नाही. चार वेळा कचेरीत गेल्या, चार दिवसांचे पैसे बुडाले. दर वेळी नवा कागद मागितला. गहाण टाकलेलं सोनं १९९१ मध्येच सुटलं. नाणेनिधीचं कर्ज २००० सालापर्यंत फिटलं. ताईंच्या फेऱ्या मात्र अजून संपलेल्या नाहीत.

आपल्या बचत गटात शंभर रुपये भरणारीला आणि पाचशे भरणारीला एकच मत असतं. नाणेनिधीत ज्याचा वाटा मोठा त्याची मतं जास्त. एकट्या अमेरिकेकडे सोळा टक्क्यांहून अधिक मतं, भारताकडे तीन टक्क्यांहून कमी. महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात, म्हणजे अमेरिका नको म्हणाली की अडलंच. २०११ पासून तिथल्या प्रमुखपदी बाई आहे. पहिल्या लगार्द, मग २०१९ पासून जॉर्जिएव्हा. त्याचा आनंद आहेच, पण खुर्चीत बाई आली म्हणून अटी बदलत नाहीत.

म्हणून यापुढे कुणी 'अर्थव्यवस्था स्थिर झाली' म्हटलं, की आपण विचारायचं: कुणाची? आणि तो खर्च कुणाच्या अंगावर पडला? गावोगावच्या गटांनी यादीतून सुटलेल्या बायकांची नोंद करायला आजपासून सुरुवात करू या. तहसीलदारांसमोर आणि ग्रामसभेत आपलाही हिशेब मांडू या.