शुश्रूषा करणाऱ्यांची फुप्फुसे : सेवाग्रामचे क्षयरोग संशोधन

फुप्फुसाचा क्षय झालेला रुग्ण खोकला की क्षयजंतू असलेले सूक्ष्म तुषार हवेत मिसळतात. ते घरच्या माणसांच्या श्वासात जातात; तसेच रुग्णालयातील परिचारिकेच्या आणि शिकाऊ डॉक्टरच्याही. या शुश्रूषा करणाऱ्यांना संसर्ग किती होतो, याचा शोध वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे घेण्यात आला.

सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी स्थापन केली. येथील नवा विद्यार्थी प्रथम आश्रमात राहतो. पुढे त्याची तुकडी एक खेडे दत्तक घेते. रोगाचे मूळ माणसाच्या राहणीत व परिसरातही शोधावे, हा या शिक्षणाचा संस्कार आहे.

याच संस्थेत २००४ मध्ये ७२६ आरोग्यसेवकांची तपासणी झाली. संशोधनाचे सूत्रधार डॉ. मधुकर पै यांनी वेल्लोर येथे सामाजिक वैद्यकशास्त्राचे आणि अमेरिकेत बर्कले येथे साथरोगशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. सेवाग्रामचे डॉ. रजनीश जोशी व डॉ. एस. पी. कलंत्री हे त्यांच्या सहकाऱ्यांपैकी होत.

प्रत्येकाची दोन प्रकारे परीक्षा झाली : त्वचेत ट्यूबरक्युलिन टोचून आणि रक्तातील इंटरफेरॉन-गॅमा मोजून. पहिल्या चाचणीवर बीसीजी लसीचा परिणाम होऊ शकतो. दुसरीत त्या लसीत नसलेली प्रथिने वापरतात. तरीही प्रमाण जवळजवळ सारखेच, ४१ व ४० टक्के, आढळले. ३६० जणांत, म्हणजे निम्म्यांत, किमान एका चाचणीने संसर्ग दर्शविला. वय आणि सेवेची वर्षे वाढतील तसतसे हे प्रमाण वाढत होते. २००५ मध्ये हे निष्कर्ष 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

संसर्ग म्हणजे रोग नव्हे. बहुतेकांच्या शरीरात हे जंतू जन्मभर सुप्त राहतात. मात्र प्रतिकारशक्ती खालावली की ते डोके वर काढू शकतात. म्हणून प्रतिबंध महत्त्वाचा. त्याचे मुख्य उपाय खर्चिक नाहीत : दीर्घकाळ खोकणाऱ्याची थुंकी विनाविलंब तपासणे, क्षयरुग्णाला इतरांपासून वेगळ्या कक्षात ठेवणे, त्याला खोकताना तोंड झाकण्यास शिकविणे, खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती राखणे आणि कर्मचाऱ्यांना योग्य मुखपट्टी पुरविणे. परिचारिका व विद्यार्थी यांच्या आरोग्याची ही काळजी म्हणजे रुग्णसेवेचाच एक भाग होय. कारण क्षयाने आजारी पडलेला सेवक रुग्णाची सेवा करू शकत नाही, उलट त्याच्यापासून इतर रुग्णांना संसर्ग होण्याचा धोका निर्माण होतो.