लेपाखालचा गंज आणि लोकांचा हक्क

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



अर्थशास्त्राच्या माणसाने गंजावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु मालमत्ता झिजते तेव्हा त्या झिजेचा भार कोणी सोसावयाचा, हा अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे.

मुंबई हायचा शोध १९७४ साली लागला, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९७८ मध्ये समुद्रतळावरील नळ उरणपर्यंत आले. अशा पोलादी नळावर गंजरोधक लेप असतो, बहुधा त्यावर वजनासाठी काँक्रीटचे कवच असते. शिवाय ॲल्युमिनियम वा जस्ताचे ठोकळे जोडलेले असतात; ते स्वतः झिजून पोलादाला वाचवितात. परंतु लेप पोलादापासून सुटला आणि त्या फटीत पाणी शिरले, की संरक्षक विद्युत्प्रवाह तेथवर पोहोचत नाही. वरून लेप शाबूत दिसतो, आत पोलाद खंगत राहते.

म्हणून नळ न कापता, लेप न खरवडता तपासणी करावी लागते. 'पिग' नावाचे उपकरण तेलाच्याच प्रवाहाबरोबर नळातून पुढे सरकते आणि पोलादाला चुंबकित करीत जाते. भिंत जेथे पातळ झाली असेल तेथे चुंबकीय क्षेत्र बाहेर गळते व त्याची नोंद होते. दुसरी पद्धत श्राव्यातीत ध्वनिलहरींची. प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळावरून जाडी कळते. बाहेरून पाणबुडे विद्युत्विभव मोजतात.

तथापि यंत्र देते तो अंदाजच. कॅलिफोर्नियातील रेफ्युजिओ किनाऱ्यालगत प्लेन्स कंपनीचा नळ जमिनीत पुरलेला होता. त्यावर लेप होता आणि तेल गरम राहावे म्हणून फेसाचे वेष्टनही. मे २०१५ च्या आरंभी त्यातून पिग गेला. दोनच आठवड्यांनी, १९ मे रोजी, नळ फुटून तेल समुद्रास मिळाले. यंत्राने त्या जागी निम्म्याहूनही कमी झीज दाखविली होती. प्रत्यक्षात ती ऐंशी टक्क्यांहून अधिक निघाली. २०१८ मध्ये ज्यूरीने कंपनीला दोषी ठरविले.

येथे हिशेबाची मेख आहे. तपासणीचा खर्च यंदाच्या ताळेबंदात दिसतो. टळलेली गळती कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. आणि गळती झालीच, तर जाळी तेलाने माखलेल्या कोळ्याचे नुकसान कंपनीच्या खर्चाच्या रकान्यात आपोआप येत नाही. नफा एकाचा, झीज दुसऱ्याची, अशी ही वाटणी आहे.

हे खाजगी कंपनीपुरतेच आहे, असे समजून आपण निर्धास्त राहू नये. जानेवारी २०११ मध्ये मुंबई हाय ते उरण या सार्वजनिक मालकीच्या तेलवाहिनीलाही गळती लागलीच. मालकी सार्वजनिक असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. माहितीही सार्वजनिक हवी.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. तपासणीचे निष्कर्ष, मोजमापातील संभाव्य चुकीसह, प्रसिद्ध व्हावेत. ज्याचा नळ, त्यानेच परीक्षक निवडावा ही पद्धत बंद व्हावी. संशयास्पद जागी दुसऱ्या पद्धतीने फेरतपासणी सक्तीची असावी. पाणबुड्यांना, मग ते ठेकेदाराचे असोत वा कायम, दोष नोंदविल्याबद्दल काम गमवावे लागू नये. मच्छीमार सहकारी संस्थांना हे अहवाल मराठीत मिळावेत.

गंज लेपाखाली वाढतो. कारभारातील गंजही तसाच झाकणाखाली वाढतो. झाकण उघडावयास लावणे, हे आपले काम आहे.