सावलीचा हिशेब

(एका शाळेच्या नव्या इमारतीच्या भूमिपूजन समारंभात ज्येष्ठ पत्रकाराने केलेले भाषण)



भूमिपूजनाच्या मंगल प्रसंगी मी वृक्षतोडीविषयी बोलणार आहे, हे काहींना औचित्याला सोडून वाटेल. परंतु ज्या भूमीचे आपण आज पूजन केले, तिच्यावर आधीपासून उभे असलेल्यांची विचारपूस करणे, हेही पूजनाचेच अंग होय. विद्यार्थी वाढले, वर्ग अपुरे पडू लागले. नवी इमारत हवीच. प्रश्न आहे तो आराखड्यात आड येणाऱ्या झाडांचा.

प्रारंभी माझाच एक अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेने अशीच जुनी झाडे तोडून पन्नास रोपे लावली. मी छायाचित्रासह बातमी दिली. ‘वृक्षसंवर्धनाचा आदर्श’ हा मथळाही माझाच. दोन वर्षांनी सहज तिकडे गेलो, तो चार रोपे जगली होती. बाकी खड्ड्यांत वाळक्या काड्या. रोपे लावल्याची बातमी मी दिली होती. ती मेल्याची मात्र दिली नाही.

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या रक्षणासाठी 1975 चा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारशाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावून ती सात वर्षे सांभाळण्याचे बंधन घातले. हेतू स्तुत्य आहे. परंतु साठ वर्षांच्या झाडाबदली साठ रोपे लावायला शाळेच्या आवारात जागा कुठली? ती गावाबाहेर लागतात. कागदावर हिशेब जुळतो. सावलीचा जुळत नाही. आज पहिलीत असलेले मूल दहावी होऊन बाहेर पडेल, तरी त्याच्या डोक्यावर तशी सावली आलेली नसेल.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील आरमाराचे प्रकरण आपण अवश्य वाचावे. आरमार ही स्वराज्याची निकड होती. तरीही रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, एखादे जीर्ण झाड लागलेच तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्यातील दंडक आहे. आरमार उभारणाऱ्यांनी एवढा विवेक राखला. आपल्याला तर वर्गखोल्या बांधायच्या आहेत.

म्हणून तीन विनंत्या. पहिली : कुऱ्हाडीपूर्वी आराखडा उघडा. भिंत चार हात सरकवता येते, वड सहजी सरकत नाही. राखलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवा. फरशीने मुळे गुदमरतात. दुसरी : ज्यांना हलवणे अटळ आहे, त्यांच्या मुळांभोवती आधीच टप्प्याटप्प्याने चर खणा, मातीच्या गोळ्यासह पावसाळ्याच्या तोंडावर हलवा आणि पुढे नियमित पाणी द्या. वड, पिंपळ, उंबर अशा स्थलांतराला चांगले तोंड देतात. जुन्या आंब्याची मात्र खात्री नसते. तिसरी : नवी झाडे इथल्या मातीतली लावा. कडुनिंब, करंज, बकुळ, जांभूळ. एकेक झाड एकेका वर्गाच्या स्वाधीन करा आणि त्याची नोंदवही ठेवा.

वृक्षाला देव मानणारा आपला समाज आहे. देव मानणे सोपे. उन्हाळ्याच्या सुटीत त्याला पाणी घालणे कठीण. संस्कार या दुसऱ्या कामातून होतो.

आज मी बातमी लिहिणार नाही. सात वर्षांनी मला पुन्हा बोलवा. तोवर हयात असलो, तर प्रत्येक झाड मोजून मगच लिहीन.