घरगुती ध्वनियोजना : खोली आधीं, यंत्र मागून



ज्या विषयावर मी आज बोलणार आहें, तो आकाशवाणीवरून मांडण्यांत थोडी गंमतच आहे. घरांत चोहों बाजूंनीं येणाऱ्या आवाजाची योजना कशी करावी, हें मी आपणांस एकाच कर्ण्यांतून सांगणार ! परंतु ह्यांतहि एक सोय आहे. माझा शब्द न् शब्द आपणांस समजत असेल, तर आपल्या घरचा तो एकटा कर्णा आपलें काम चोख बजावीत आहे. आणि समजत नसेल, तर दोष माझ्या कवळीचा कीं आपल्या खोलीचा, हें माझें बोलणें संपेपर्यंत आपणांस ठरवितां येईल.

मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाहीं. मराठी शाळेंत तीस-बत्तीस वर्षें खडू झिजविला, आणि विज्ञान शिकविलें तें सातवीच्या इयत्तेपुरतें. तेव्हां जें पुस्तकांत वाचलें आणि मग घरीं स्वतः करून पाहिलें, तेवढेंच सांगतों.

निवृत्तीच्या वेळीं जी रक्कम हातीं आली, तींतील एक लहानसा भाग मीं घरांत चांगली ध्वनियोजना करण्यासाठीं बाजूस काढला. आमच्या सौभाग्यवतींनीं संमति दिली, पण एका अटीवर : "जुन्या नाटकांतलीं पदें ऐकतां आलीं पाहिजेत, आणि चित्रपटांतलें बोलणें कळलें पाहिजे." अट साधी वाटते, पण तिच्यामागें एक दुःख होतें. साठी उलटल्यापासून त्यांच्या कानांस बारीक आणि तीक्ष्ण स्वर कमी ऐकूं येऊं लागले होते. बहुतेक माणसांचें उतारवयांत असेंच होतें. मोठा आवाज ऐकूं येतो, पण 'स', 'श', 'फ', 'ट' हीं व्यंजनें निसटतात. आणि बोलण्याचा जोर जरी स्वरांत असला, तरी अर्थ पुष्कळसा व्यंजनांत असतो. घरांत चार माणसें हंसत असतांना आपण एकट्यानेंच "काय म्हणाले ?" असें विचारावें, हें त्यांना अपमानाचें वाटे, म्हणून त्यांनीं विचारणेंच सोडून दिलें होतें.

मी दुकानांत गेलों. दुकानाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, कारण चूक जितकी त्यांची तितकीच माझी. तेथें मला कोणीं खोलीची लांबी-रुंदी विचारली नाहीं, ऐकणार कोण हेंहि विचारलें नाहीं. फक्त वॅट सांगितले. मोठा आंकडा पाहून मी भुललों. दोन उंच स्पीकर आणि खर्जाची एक भली मोठी पेटी, जिला सबवूफर म्हणतात, घेऊन घरीं आलों. फरशी गुळगुळीत, भिंती गुळगुळीत, खिडक्यांना पडदा नाहीं, अशा खोलींत तें सारें कोपऱ्यांत मांडलें आणि चित्रपट लावला. अर्ध्या तासानें सौभाग्यवती उठल्या. "अहो, आवाज मोठा झाला, पण शब्द गेले," एवढेंच म्हणून त्या स्वयंपाकघरांत निघून गेल्या. मी आवाज वाढवीत गेलों. तिसऱ्या दिवशीं खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि अत्यंत सौजन्यानें म्हणाले, "मास्तर, गाणें आम्हांस ऐकूं येत नाहीं, नुसता ठोका तेवढा येतो." त्यांच्या घरीं तान्हें मूल होतें. मला लाज वाटली.

त्यानंतर मी वाचूं लागलों, आणि मला हार्वर्ड विद्यापीठांतील वॉलेस सॅबाइन नांवाचे अध्यापक भेटले, अर्थात् पुस्तकांत. १८९५ साली त्यांच्याकडे एक तक्रार आली. फॉग कलासंग्रहालयांतील नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचें बोलणें कोणासहि कळत नसे. एक उच्चार तेथें साडेपांच सेकंदांच्या आसपास रेंगाळे, आणि तेवढ्यांत पुढचे पंधरा उच्चार त्यावर येऊन आदळत. सॅबाइननीं काय करावें ? जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या रात्रीं उचलून आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजविली, आणि नाद विरेपर्यंत किती वेळ लागतो तें घड्याळावर मोजलें. एक गादी, दोन गाद्या, दहा गाद्या. आणि पहांटे सगळ्या परत! ह्या हमालींतून त्यांना जो नियम सांपडला, त्याच्या आधारावर बोस्टनचें १९०० सालीं उघडलेलें सिम्फनी हॉल बांधलें गेलें. नियम असा : खोलीचें घनफळ जितकें मोठें तितका नाद अधिक रेंगाळतो, आणि नाद शोषून घेणारें क्षेत्र जितकें अधिक तितका तो लवकर विरतो. फुटांत मापें घेतल्यास घनफळास ०.०४९ नें गुणावें व शोषक क्षेत्रफळानें भागावें. उत्तर सेकंदांत येतें.

मास्तराची खोड जात नाहीं, म्हणून माझ्या खोलीचें उदाहरण करून दाखवितों. लांबी १४ फूट, रुंदी साडेनऊ, उंचीहि साडेनऊ. घनफळ सुमारें १२६३ घनफूट. सर्व पृष्ठांचें क्षेत्रफळ ७१२ चौरस फूट. परंतु चुना आणि फरशी शेंकडा तीनच्या आसपास नाद शोषतात, म्हणजे कामाचें क्षेत्र जेमतेम २१ चौरस फूट. भागाकार केला तर रिकाम्या खोलींत नाद जवळजवळ तीन सेकंद घुमतो. सामानसुमान आणि माणसें आलीं कीं तो बराच उतरतो, पण माझ्या खोलींत सामान तरी कितीसें होतें ? आणखी शंभर चौरस फूट शोषक क्षेत्र जर मी मिळवूं शकलों, तर काल अर्ध्या सेकंदावर येतो. बोलणें समजण्यास तो उत्तम.

हें शंभर फूट विकत आणण्याची गरज पडली नाहीं. माळ्यावर आईच्या हातच्या गोधड्या होत्या. जाड चुण्यांचा पडदा, जमिनीवर सतरंजीऐवजीं जाड गालिचा, मागच्या भिंतीशीं पुस्तकांचें उघडें कपाट, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर गोधड्या. त्या नेमक्या कोठें टांगाव्या ह्याची युक्ति फार सुंदर आहे. आपण नेहमींच्या जागीं बसावें आणि नातवास आरसा हातीं देऊन तो भिंतीवरून सरकवावयास सांगावें. ज्या ठिकाणीं आरशांत स्पीकर दिसेल, तेथूनच आवाज भिंतीवर आपटून कानांकडे येतो. गोधडी तेथेंच हवी. उत्साहाच्या भरांत मीं सहा गोधड्या टांगल्या, तेव्हां खोली एकदम कोंदट होऊन गेली. कापड वरच्या स्वरांस खातें, खर्जाला हात लावीत नाहीं. म्हणजे सौभाग्यवतींना जें हवें होतें तेंच मीं खाऊं घातलें होतें! तीन गोधड्या उतरविल्या.

आतां खर्जाचें प्रकरण. नाद सेकंदास सुमारें ११२५ फूट धांवतो. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्यें ज्या स्वराची अर्धी लाट बरोबर मावते, तो स्वर खोलींत अडकून बसतो. माझ्या खोलींत लांबीच्या दिशेनें असा स्वर सेकंदास ४० कंपनांचा. रुंदीच्या दिशेनें ५९ चा. आणि उंची रुंदीइतकीच असल्यामुळें तोहि ५९ चा. एकाच स्वराला दोन आधार मिळाले, म्हणून तो धमकत होता. (घर बांधणारांस माझी विनंति आहे कीं, खोलीचीं दोन मापें सारखीं ठेवूं नयेत. बांधलेल्या घरास इलाज थोडा.) अशा अडकलेल्या लाटेचा दाब भिंतींशीं सर्वांत जास्त आणि मधोमध शून्य असतो. म्हणून पाठ भिंतीला टेकून बसणारास खर्ज अंगावर येतो, आणि खोलीच्या अगदीं मध्यावर बसणारास तोच स्वर नाहींसा होतो. मीं आमची बैठक मागच्या भिंतीपासून चार फूट पुढें ओढली. खर्जाच्या पेटीची जागा शोधावयाची रीत तर हास्यास्पद आहे. पेटी उचलून आपल्या बसण्याच्या जागीं ठेवावयाची, एक सावकाश खर्जाची चाल लावावयाची, आणि आपण स्वतः भिंतीकडेनें रांगावयाचें. जेथें सगळे स्वर सारखे ऐकूं येतील, तेथें पेटी न्यावयाची. साठीच्या आजोबांस रांगतांना पाहून नातवानें टाळ्या पिटल्या. पण पेटी कोपऱ्यांतून निघाली आणि खालच्या मजल्याची तक्रार निम्म्यानें मिटली.

आतां पांच बाजूंचा आवाज. लंडनच्या अॅलन ब्लमलाइन ह्यांची एक गोष्ट सांगतात. चित्रपट पाहतांना नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि आवाज मात्र एकाच जागेहून येतो, हें त्यांना खटकलें; त्यांतून १९३१ चा त्यांचा द्विमार्गी ध्वनीचा हक्कलेख निघाला. १९४० सालीं डिस्नेंचा 'फॅन्टेशिया' खास यंत्रणेवर अनेक मार्गांच्या ध्वनीसह न्यूयॉर्कला दाखविला गेला. आपल्याकडे १९७५ सालीं 'शोले' कांहीं चित्रपटगृहांत सत्तर मिलिमीटरच्या रुंद पट्टीवर अनेकमार्गी ध्वनीनें ऐकावयास मिळाला. आज तीच व्यवस्था घरीं 'पांच दशांश एक' ह्या नांवानें येते : पांच स्पीकर, आणि तो दशांश एक म्हणजे केवळ खर्जाची वाट.

ह्या पांचांत लोक मागच्या दोघांवर भाळतात, कारण पाठीमागून विमान गेल्याची मौज तेथें आहे. माझें मत विचाराल, तर सर्वांत महत्त्वाचा स्पीकर समोरचा मधला. चित्रपटांतलें बहुतेक संभाषण त्याच एका वाटेनें येतें. माझ्या पहिल्या मांडणींत तो नव्हताच ! तो डाव्या-उजव्याच्याच जातीचा असावा, आणि त्याचें तोंड कानाच्या उंचीकडे असावें, टी.व्ही.च्या खालच्या कप्प्यांत कोंबलेला मधला स्पीकर आपल्या गुडघ्यांशीं बोलतो. डावा आणि उजवा मधल्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर. मागचे दोन शंभर ते एकशेंवीस अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित् मागें. हीं मापें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचीं आहेत. मीं तीं सुतळी आणि शाळेचा मोठा लाकडी कोनमापक घेऊन जमिनीवर खडूनें आंखलीं. वर्धक यंत्रांत प्रत्येक स्पीकरचा जोर निराळा ठेवण्याची सोय असते. मधला मीं तीन डेसिबल चढविला, आणि बाकी कोणासहि हात लावला नाहीं.

वॅटांविषयीं दोनच शब्द. शक्ति दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबलनेंच वाढतो, म्हणजे कानास जेमतेम कळेल इतका. आवाज दुप्पट वाटण्यास शक्ति सुमारें दहापट लागते. दिवाणखान्यांत सामान्य ऐकण्यास दोनचार वॅट खर्च होतात. हजाराचा आंकडा दुकानाच्या पाटीसाठीं असतो.

तारांच्या बाबतींत मात्र दक्ष असावें. जाड तांब्याची साधी तार पुरते, सोन्याच्या भावाची नको; पण लाल टोक लालास आणि काळें काळ्यास हवें. माझ्याकडे एक जोड उलटा लागला होता. एक पडदा पुढें येत असे तेव्हां दुसरा मागें जाई, आणि दोघे मिळून खर्ज गिळून टाकीत. स्पीकर यंत्रापासून सोडवून त्याच्या तारांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावावा; सेलचें धन टोक लालास लावलें असतां पडदा पुढें आला पाहिजे. मुलांस दाखविण्यासारखा प्रयोग आहे.

खर्जाची ती दुकानी पेटी पुढें मीं बदलली, आणि नवी शेजारच्या सुताराकडून करवून घेतली. स्पीकरला पेटी हवीच, कारण पडद्याच्या पुढची आणि मागची लाट परस्परविरुद्ध असतात; मधें आडोसा नसेल तर खर्जांत तीं एकमेकांस मारतात. पेटीचें घनफळ स्पीकरच्या गुणांवरून काढण्याचें गणित ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील ह्यांनीं १९६१ मध्यें आणि पुढें रिचर्ड स्मॉल ह्यांनीं बसवून दिलें आहे, आणि आज तीं मापें स्पीकरच्या कागदावरच छापलेलीं मिळतात. आम्हीं अठरा मिलिमीटरचें प्लायवूड घेतलें, सांधे सरसानें हवाबंद केले, आंत आडवी पट्टी ठोकली आणि पिंजलेला कापूस भरला. सुतारानें पेटीवर बोटानें टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "मास्तर, ही मुकी झाली पाहिजे ना ?" इतकें अचूक मला कोणत्याहि पुस्तकानें सांगितलें नव्हतें.

सौभाग्यवतींच्या अटीचा पहिला भाग राहिला : नाटकांतलीं पदें. बालगंधर्वांच्या तबकड्या एकाच वाटेच्या मुद्रणाच्या आहेत. यंत्रावर एक कळ असते, ती दाबली कीं तें एकाचे पांच करून दाखवितें, आणि गायक जणूं विहिरींतून गाऊं लागतो. ती कळ बंद ठेवावी. जुनीं पदें आम्ही समोरच्या एका स्पीकरवर ऐकतों.

रात्रीं दहानंतर खर्जाची पेटी बंद असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें रहिवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण आमच्या घरीं खरी मर्यादा खालच्या मजल्यावरचा पाळणा ठरवितो.

गेल्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं आम्ही दोघें एक चित्रपट पाहत होतों. आवाज पूर्वीच्यापेक्षां बराच कमी होता. अर्ध्यावर सौभाग्यवतींनीं हात वर केला. मला वाटलें, झालें, ह्या आतां उठणार. त्या म्हणाल्या, "अहो, तो पंखा जरा बंद करा. मागच्या खोलींत ती कोणाशीं तरी हळूं बोलते आहे, तें ऐकूं द्या." मीं पंखा बंद केला.