पॅडेलची पहिली रॅकेट

मुंबई-पुण्यात अलीकडे काचेच्या भिंतींची कोर्टं दिसू लागली आहेत. तिथे चौघं मिळून खेळतात तो खेळ पॅडेल. मेक्सिकोतल्या अकापुल्को इथे 1969 साली एनरिके कोर्कुएरा यांनी आपल्या घरच्या आवारात तो सुरू केला आणि 1974 मध्ये तो स्पेनमधल्या मार्बेलाला पोहोचला. कोर्ट 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद. सर्व्हिस कमरेखालून करायची आणि काचेवरून परतलेला चेंडूही खेळायचा. जोरात मारलेला चेंडू भिंतीवर आदळून समोरच्याच्या हाती आयता येतो. इथे मोल आहे ते चेंडू नेमका ठेवण्याला. पहिली रॅकेट निवडताना हे विसरू नका.

या रॅकेटला तारा नसतात. आत फोम, वर फायबरग्लास किंवा कार्बनचा थर, आणि आरपार भोकं. आकार मुख्यतः तीन: गोल, थेंबासारखा आणि हिऱ्यासारखा. हिऱ्याच्या आकारात वजन टोकाकडे असतं. स्मॅश जोरकस बसतो, पण चेंडू जरा बाजूला लागला की फटका फसतो आणि हादरा कोपरापर्यंत जातो. गोल रॅकेट अशी चूक सांभाळून घेते. नवख्याने गोलच घ्यावी. आतला फोम मऊ आणि वरचा थर फायबरग्लासचा असला, तर हाताला त्रास कमी.

वजन साधारण 350 ते 365 ग्रॅम असावं. मात्र काट्यावरच्या आकड्याने फसू नका. दुकानात रॅकेट आडवी धरा आणि एका बोटावर तोलून पाहा. ती जिथे स्थिर राहते ती जागा मुठीच्या जितकी जवळ, तितकी ती खेळताना हलकी वाटते. सारख्याच वजनाच्या दोन रॅकेट अशा तोलून पाहिल्यात, तर फरक लगेच कळेल. नेटजवळ अंगावर येणारा चेंडू अडवताना हाच फरक कामी येतो.

शक्य असेल तर आधी भाड्याची रॅकेट घेऊन खेळा. दुसऱ्या दिवशी कोपर किंवा मनगट दुखलं, तर तशी रॅकेट विकत घेऊ नका. मूठ बारीक वाटली तर वरून ओव्हरग्रिप गुंडाळता येते; आपल्या दमट हवेत घामाने हात निसटू नये म्हणून ती हवीच. मुठीची दोरी मनगटात अडकवा. तो नियमच आहे, आणि जोडीदाराच्या डोक्याची काळजीही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत रॅकेट ठेवू नका, उष्णतेने फोम खराब होतो.

मोठे खेळाडू वापरतात ती महागडी रॅकेट त्यांच्या कमावलेल्या हातासाठी असते. तुमचा हात अजून घडायचा आहे. साधी, गोल, मऊ रॅकेट घ्या आणि वाचलेले पैसे प्रशिक्षकाकडे चार धडे घेण्यासाठी खर्च करा. तुमचा खेळ त्यानेच सुधारेल.