घरीच आहेस ना?

लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा. घरून काम करत असाल तर मात्र हेडफोन लावा, कारण आजचा विषय घरच्यांबद्दलच आहे.

प्रश्न साधा आहे. कंपनीने सांगितलंय, आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करा. म्हणजे आपल्या पनवेलकरांचं केवढं वाचलं बघा! सीएसएमटीची लोकल धरली की एका बाजूचा सव्वा तास कुठेच गेला नाही. बीकेसीला जायचं तर कुर्ल्याला उतरून पुढे रिक्षाची मारामारी. हे सगळं टळत असताना माणूस स्वतःच्या खिशातून पैसे भरून कोवर्किंगमध्ये टेबल का घेतो?

जाहिराती सांगतात: नेटवर्किंग, कम्युनिटी, फुकट कॉफी. खरं सांगू? मी नवीन पनवेलमध्ये एका दुकानांच्या वरच्या मजल्यावरच्या जागेत जातो. तिथे शेजारी बसणाऱ्याचं पूर्ण नाव मला सहा महिन्यांनी कळलं. तिथे कुणी कुणाशी नेटवर्किंग करायला येत नाही. लोक येतात कारण तिथे एक दार आहे, आणि ते बंद करता येतं.

'घरून काम' या शब्दात एक खोली गृहीत धरलेली आहे. याचं एक मस्त उदाहरण आहे. शांघायमधल्या सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीत २०१०-११ मध्ये नऊ महिने एक प्रयोग झाला. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम त्यात होते. कॉल सेंटरमधल्या इच्छुक लोकांपैकी सम तारखेला जन्मलेल्यांना घरून काम दिलं, विषम तारखेवाले ऑफिसात. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. हा आकडा तुम्ही कुठे ना कुठे ऐकला असेल, लिंक्डइनवर तर नक्कीच. पण त्या प्रयोगात भाग घ्यायची एक अट होती, ती कुणी सांगत नाही: घरी ब्रॉडबँड हवं आणि कामासाठी स्वतंत्र खोली हवी. शिवाय प्रयोग संपल्यावर 'आता हवं ते निवडा' म्हटलं, तेव्हा घरून काम करणाऱ्यांतले बरेच जण ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्यांनी सांगितलेलं मोठं कारण.

आता ती स्वतंत्र खोली आपल्या वन बीएचकेमध्ये शोधा. हॉलमध्ये टीव्ही, सोफा, देवघर आणि संध्याकाळी मुलांचा होमवर्क. बेडरूममध्ये कपाट, आणि कपाटात सगळ्यांचेच कपडे. तुम्ही क्लायंटला डेमो देताय आणि मागून कुणीतरी दबकत, वाकून, टॉवेल घेऊन जातंय.

जागेपेक्षाही मोठी अडचण एका वाक्याची आहे: "घरीच आहेस ना?" सिलिंडरवाला येणार आहे, घरीच आहेस ना? दूध गॅसवर ठेवलंय, जरा बघ, घरीच आहेस ना? यात कुणाचा वाईट हेतू नसतो. आईच्या दृष्टीने मुलगा बूट घालून, डबा घेऊन बाहेर पडला की तो कामाला गेला. लॅपटॉप उघडून बसलेला माणूस नुसता बसलेला असतो. कोवर्किंगचे अर्धे पैसे मला वाटतं त्या बुटांचे आहेत.

आणि हे काही सॅन फ्रान्सिस्कोहून आलेलं खूळ नाही. म्हणजे नाव तिकडून आलंय, हे खरं. ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या एका प्रोग्रामरने २००५ मध्ये तिथे अशी पहिली जागा सुरू केली, आणि पहिल्या महिन्यात तिथे कुणी फिरकलंसुद्धा नाही. पण पुण्यात सदाशिव पेठेत जाऊन बघा. एमपीएससी करणारी पोरं कॉट बेसिसवर राहतात, खोलीत टेबल ठेवायला जागा नसते, म्हणून महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत खुर्ची घेतात. आपल्याकडेही अभ्यासिका आहेतच. पैसे देऊन शांतता घेणं मराठी माणसाला नवीन नाही. फरक इतकाच की अभ्यासिकेत फोनवर बोललात तर बाहेर काढतील, आणि आमच्या धंद्यात दिवसभर फोनवरच बोलायचं असतं.

आता मुद्द्याचं. घरात दोघं घरून काम करत असतील आणि परवडणारं टेबल एकच असेल, तर ते कुणाला?

आमच्या घरचंच सांगतो. दादा आणि वहिनी, दोघांनाही हायब्रिड. टेबल दादाने घेतलं. का, तर त्याचे कॉल महत्त्वाचे. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. वहिनी बेडरूममध्ये, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. एक दिवस तिने कालनिर्णयच्या पानामागे रेघा मारल्या, किती वेळा उठावं लागलं त्याच्या. दुपारी एकपर्यंत अकरा.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. पुरुषांची ८८. आणि हे ८८ फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे आहेत बरं का, न लावणारे यात धरलेलेच नाहीत. मग घरात काम करताना जास्त व्यत्यय कुणाला येणार, हे सांगायला सॉफ्टवेअर इंजिनिअर नको.

सध्या मंगळवार-गुरुवार वहिनी जाते, दादा घरी. आई आधी म्हणाली, "तिला कशाला पैसे भरून बाहेर बसायला हवं? घर आहे की." अजूनही तूरडाळ कुठे ठेवलीय हे विचारायला फोन वहिनीलाच जातो, दादा समोरच्या खोलीत बसलेला असताना! पण अकराच्या जागी आता दोन-तीन फोन आहेत, आणि तिचा दिवस सहाला संपतो.

पैशांचं पटकन सांगतो. समजा टेबल महिना ५,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. वीस दिवस गेलात तर दिवसाला २९५ पडतात. बाराच दिवस गेलात तर जवळजवळ ४९२. म्हणून महिन्याचा पास घेण्याआधी एक-दोन दिवसांचे पास घेऊन बघा, तेही पावसात, लाइट जाते तेव्हा. बॅकअप कशाकशाला आहे ते तेव्हाच कळतं. नोकरदारांना या भाड्याची इन्कम टॅक्समध्ये वेगळी वजावट नाही, त्यामुळे कंपनी भरते का हे एचआरला एकदा विचाराच. फ्रीलान्सर जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्याला क्रेडिट मिळू शकतं. आणि कंपनीची पॉलिसी वाचा. काही क्लायंट बाहेरच्या वायफायवर काम चालवून घेत नाहीत, आणि काचेच्या केबिनमध्ये स्क्रीन सगळ्यांना दिसते.

पास एकाच नावावर लागतो की घरातले दोघं दिवस वाटून वापरू शकतात, हे मात्र सगळ्यात आधी विचारा. आमच्या जागेत आधी नाही म्हणाले. मग "दोन माणसं, पण खुर्ची एकच अडणार" हे समजावल्यावर हो म्हणाले. आणखी एक, वहिनीने सांगितलेलं: बाथरूम कसं आहे आणि संध्याकाळी सातनंतर खाली रिक्षा मिळते का, हे बघून या. मला हे दोन्ही प्रश्न सुचले नव्हते.

तुमच्या घरात टेबल कुणाकडे आहे, व्हॉइस नोट पाठवून सांगा. चला, माझा कॉल आहे, भेटू पुढच्या भागात.